म्हसोबापासून काठापर्यंत

काळापुढे पर्वतही झिजतात, नद्या त्यांचे कण उचलून समुद्राच्या स्वाधीन करतात, आणि माणसाने उभारलेलं सारं काही शेवटी गाळ होऊन तळाशी बसतं. हे वाक्य मी आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत, उभं राहून म्हटलं होतं. विषय मागच्या कुंपणभिंतीला गेलेल्या तड्याचा होता. अध्यक्षांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे प्लास्टर करायचं की नाही?"

करायचं ठरलं.

मी भूगर्भशास्त्रज्ञ नाही. पिंपरीतल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात माझी नोकरी झाली. गिअर, शाफ्ट, बेअरिंग काही काळ चालून झिजून आमच्याकडे परत यायचे, आणि किती झिजले हे मोजून कागदावर लिहायचं हे माझं काम. बाकीचे लोक वस्तू बनवत होते. आम्ही त्या कशा संपतात ते बघत होतो. एवढी वर्षं हे केल्यावर माणसाला नदी आवडायला लागते यात नवल नाही. तीही तेच काम करते, फक्त घाई करत नाही आणि रिपोर्ट देत नाही.

निवृत्त झाल्यावर निगडीचं घर सोडून मोशीला आलो. चौथ्या मजल्यावरून इंद्रायणी दिसेल असं जाहिरातीत लिहिलं होतं आणि ती दिसते. जाहिरातीतल्या चित्रात नदीवर फेस नव्हता, एवढाच फरक. हिवाळ्यात सकाळी तो पांढरा फेस काठाला लागून पडलेला असतो आणि नवीन भाडेकरू पहिल्या दिवशी त्याचे फोटो काढतात. दुसऱ्या दिवशी वास येतो, मग काढत नाहीत.

सकाळी फिरायला मी सोसायटीच्या मागच्या फाटकातून नदीकडे जाऊ लागलो. तिथे मला पहिली गोष्ट कळली ती अशी, की पुरात काठ सहसा कोसळत नाही. पूर चढलेला असतो तेव्हा पाणीच काठाला टेकू देऊन उभं असतं. पूर उतरतो, ऊन पडतं, बघ्यांची गर्दी घरी जाते, वर्तमानपत्रांना दुसरा विषय मिळतो. आणि मग त्या भिजून जड झालेल्या मातीला स्वतःचंच ओझं पेलवत नाही. एखाद्या निवांत दुपारी खोलीएवढा तुकडा सुटतो, पाण्यात बसतो आणि तासाभरात विरघळून जातो. आवाज फार मोठा होत नाही. धान्याचं पोतं टाकल्यासारखा.

त्या काठावर मला आबा भेटले.

आबा म्हणजे आमच्या सोसायटीखालची जमीन एके काळी ज्यांची होती त्या घरातले थोरले. वय पंचाहत्तरीच्या आसपास, डोक्यावर टोपी, पायात मुलाच्या कंपनीतून आलेले लोखंडी टोकाचे सेफ्टी बूट. मुलगा चाकणला शिफ्टमध्ये होता. आमची कुंपणभिंत आणि नदी यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी उरली होती, तेवढी अजून आबांची. ती पूररेषेच्या आत येत असल्यामुळे कोणी बिल्डरने घेतली नव्हती. "घेन्याजोगी असती तर मीबी ठेवली नसती," असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. मातीवरच्या प्रेमाची भाषणं मी बरीच ऐकली आहेत. हे त्यांतलं नव्हतं, म्हणून मी थांबलो.

त्या पट्टीत, काठाजवळ, त्यांच्या भावकीचा म्हसोबा होता. देऊळ नाही, पार नाही, झाड नाही. कळशीएवढा एक गोल दगड, शेंदूर लावलेला, भोवती मूठ-मूठ दगडांचं कडं. दर आखाडात एका रविवारी सगळी भावकी तिथे जमायची, थोरल्या घराचा माणूस म्हणून आबा दगडाला शेंदराचा हात द्यायचे, मग बकरं पडायचं आणि नदीकाठी पंगत बसायची. सख्खे-चुलत धरून पाच घरं. उरलेलं वर्षभर ही घरं एकमेकांच्या इमारतींच्या उंचीवर लक्ष ठेवून असायची. दोन घरांत तर बोलणंच बंद होतं. तो एक रविवार मात्र सगळे आबांच्या मातीवर, आबांच्या हातचं वाढलेलं, मांडीला मांडी लावून खायचे. शेंदूर लावायचा आणि पंगत घालायचा मान ज्याच्या जमिनीत देव त्याचा, असा रिवाज होता. आबांकडे दुसरं दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

अडचण नदीची होती. ती दरवर्षी पट्टीचा एक घास घेत होती आणि तिचा रोख म्हसोबाकडे होता.

आणखी एक अडचण म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. जमिनींच्या व्यवहारात त्याचं बरं चाललं होतं. त्याच्या नव्या पाच मजली इमारतीच्या पार्किंगमध्ये त्याने टाइल्सचा एक कोनाडा बांधून ठेवला होता, आत दिवे, वर घुमटी. देव पाण्यात जायच्या आत तिथे न्यायचा, असा त्याचा आग्रह. त्यात वाईट काहीच नव्हतं. फक्त देव तिकडे गेला की शेंदूर त्याच्या हातचा आणि पंगत त्याच्या पार्किंगमध्ये.

देव मात्र कोणाला वाटला म्हणून हलवता येत नाही. त्याला विचारावं लागतं. भिजवलेले तांदूळ दगडाच्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवायचे, प्रश्न सांगायचा आणि बसून राहायचं. उजवे दाणे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. याला कौल म्हणतात. मी आलो त्याच्या आदल्या आखाडात धाकट्याने भावकीसमोर कौल लावला होता. दीड तास एकही दाणा पडला नाही. मटण निवून गेलं. शेवटी एका चुलतीने "देव इचार करतोय, तवर वाढा" म्हटल्यावर सभा मोडली.

ही सगळी हकिगत आबांनी मला काठावर उभ्या-उभ्या सांगितली आणि मग मूळ मुद्द्यावर आले.

"सायेब, तुमी कंपनीत मोजायचंच काम करत व्हता म्हनं?"

"हो."

"मग येवढं मोजून सांगा. देवाला अजून किती वरसं हायती?"

मला इतक्या सरळ शब्दांत कामाचं विचारून बरीच वर्षं झाली होती. दुसऱ्याच दिवशी मी टेप घेऊन आलो. म्हसोबाच्या मध्यापासून काठाच्या कडेपर्यंत अंतर घेतलं. एकोणीस फूट. नव्या वहीत तारीख घालून लिहिलं. यापुढे दर महिन्याच्या एक तारखेला मोजायचं ठरवलं. नियमितपणाशिवाय मोजमापाला अर्थ नाही, असं मी आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "एक तारीख. ध्यानात ठिवतो."

पहिल्या पावसाळ्यानंतर एकोणिसाचे बारा झाले. मी हिशेब मांडला आणि आबांना सांगितलं की याच वेगाने दीड-दोन वर्षं. ते दगडाभोवतीचं गवत उपटत बसले.

आणि मग काठ थांबला.

पुढचा पावसाळा गेला, अंतर बारा फूट. त्याच्या पुढचा गेला, बारा फूट. एकदा तर बारा फूट दोन इंच भरलं. काठ पुढे येत नसतो, एवढं मला कळायला हवं होतं. पण मी तोपर्यंत पुस्तकं वाचायला लागलो होतो आणि पुस्तकं वाचणाऱ्याला कारणांचा तुटवडा पडत नाही. मी काठाचा छेद बघितला. वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर गाळ, मध्येच चुनखडीच्या खड्यांचा एक कडक पट्टा, तळाशी मुरूम. नदी त्या कडक पट्ट्यापर्यंत येऊन अडली असावी. वरच्या अंगाला गाळाचं एक बेट तयार होत होतं. त्याने प्रवाह पलीकडच्या काठाकडे ढकलला असावा. काठावरच्या बाभळींची मुळं होतीच. दोन इंचांसाठीही माझ्याकडे कारण होतं, ते आता सांगत नाही.

चौथ्या वर्षी आखाडातल्या पंगतीला आबांनी मला बोलावलं आणि जेवणाआधी म्हणाले, "सायेब, जरा भावकीला सांगा."

मी सांगितलं. वही उघडून सांगितलं. नदी म्हणजे शत्रू नव्हे, ती एका हाताने घेते आणि दुसऱ्या हाताने देते. तिच्या वळणाच्या बाहेरच्या काठावर झीज होते, आतल्या काठावर भर पडते. आणि आपल्या भाग्याने इथला प्रवाह आता स्थिरावला आहे. पंधरा वर्षं काळजीचं कारण दिसत नाही. साठेक माणसं शांतपणे ऐकत होती. ती मटणाच्या वासामुळे शांत होती हे मला नंतर कळलं.

धाकटा भाऊ म्हणाला, "सर, लेखी द्याल का?"

"आरं, त्येंची वही काय तोंडी हाय व्हय?" आबा म्हणाले, आणि हशा झाला. धाकट्याने हात जोडले. "दादा, मग राहू दे इथंच. मी काय देवाच्या वाईटावर नाही." पार्किंगमधल्या कोनाड्यात पुढे पाण्याच्या पंपाचं स्टार्टर बसवलं, असं ऐकलं.

त्या रात्री घरी येताना मी खुशीत होतो. नोकरीत माझ्या रिपोर्टवरून इतकी माणसं एकदम कधी जेवायला बसली नव्हती.

पुढच्या वर्षी आखाड लागायच्या बेतात असताना, एका सकाळी, गॅलरीत चहा पिता पिता बायको म्हणाली, "अहो, तुमचा म्हसोबा पूर्वी त्या विजेच्या खांबाच्या पलीकडे नव्हता का?"

"कोणत्या?"

"तो पट्टीतला खांब. आपण आलो तेव्हा देव पलीकडे होता, नदीच्या बाजूला. मधे खांबाच्या आड दिसेनासा झालेला. आता अलीकडे आलाय."

मी म्हटलं, तुला कोनामुळे तसं वाटत असेल. ती म्हणाली, "मी चार वर्षं याच खुर्चीत बसते." आणि आत गेली.

मी टेप घेऊन खाली उतरलो. एक तारीख नव्हती. म्हसोबापासून काठापर्यंत मोजलं तर सात फूट. मग आयुष्यात पहिल्यांदा उलट्या बाजूला, म्हसोबापासून आमच्या कुंपणभिंतीपर्यंत मोजलं. सुरुवातीला या बाजूला किती अंतर होतं ते माझ्या वहीत कुठेच नव्हतं. ते मी कधी घेतलंच नव्हतं. बिल्डरच्या नकाशावर खांब होता, भिंत होती, बायको म्हणते ती जागा धरून त्यावरून काढलं. देव तीन वर्षांत वीसएक फूट भिंतीकडे आला होता. नदी त्याच्या मागोमाग.

मोजमापाच्या कामात पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात ती ही, की ज्या बिंदूपासून मोजायचं तो हलत नाही ना हे आधी बघा. मी कितीतरी नव्या पोरांना ते ओरडून शिकवलं होतं. पण कारखान्यात संदर्भासाठी ग्रॅनाइटचं टेबल असायचं. इथे देव होता, आणि देव हलत असेल अशी शंका मला आली नाही. मी काही देवभोळा नाही. तरीही आली नाही.

आबा थोड्या वेळाने बूट वाजवत आले. माझ्या हातात टेप बघून थबकले.

"आज काय एक तारीख न्हाई."

"नाही, आबा."

"मग कशापायी मोजलं?"

"देव तुम्ही सरकवता."

त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "नदी सरकती, मी सरकवतो. तुमीच म्हनला व्हता, जमिनीवरलं समदं सरकत असतंय."

"बारा फुटांवरच बरोबर कसं ठेवायचात?"

"तुमच्या वहीत बारा लिवलं की तुमचं तोंड खुलायचं. म्या दोर बांधून ठिवला व्हता बारा फुटाचा. येकदा दोर जास्ती ताणला ग्येला, तवा जरा चुकलं."

ते दोन इंच.

मला राग यायला हवा होता. पण कारखान्यात तपासणीच्या तारखेच्या आदल्या दिवशी काय काय झाडून-पुसून जागेवर ठेवलं जातं हे मला माहीत होतं, आणि तारीख मीच ठरवून दिली होती.

"देवाला विचारलंत?"

"इचारल्याबिगर कसा हात लावंन? दर खेपंला कौल लावला. मी येकटा असलो की लगीच देतो. गर्दीत लाजतो तो."

मी हसलो, पण फार वेळ हसता येण्यासारखं नव्हतं. म्हसोबाच्या आणि काठाच्या मध्ये, कडेला समांतर, जमिनीत एक भेग होती. गवतात दिसत नव्हती. मी तिच्यात छत्री घातली. मुठीपर्यंत आत गेली. म्हणजे काठ तिथून सुटायच्या बेतात होता. आणि पंगत बसायची ती म्हसोबाच्या समोर, नदीच्या बाजूला, त्या भेगेच्या पलीकडे. साठ माणसं. लेकुरवाळ्या बाया. आखाडातला रविवार आठ दिवसांवर होता, आणि तिथे पंधरा वर्षं काही होत नाही असं त्यांना मी सांगितलेलं होतं, वही उघडून.

आबांनी छत्रीकडे बघितलं. ते भेग बघून जेवढे गंभीर झाले तेवढे देव सरकवल्याचं उघड झाल्याने झाले नव्हते.

"किती मागं घ्यायचं?"

"भिंतीला टेकवा. पंगत भिंतीच्या कडेने बसेल."

"येवढं येकदम हललं तर आंधळ्यालाबी दिसंल. धाकटा म्हनंल, दादानं देव हलवला, मान ग्येला. मग पुढल्या साली समदी त्येच्या पार्किंगला."

"मी सांगेन की माझं मोजमाप चुकलं."

"आनि म्या सरकवला ते?"

"ते तुम्ही सांगायचं."

आबा घरी गेले आणि वाटीत भिजवलेले तांदूळ घेऊन आले. दगड पाण्याने पुसला, दोन्ही अंगांना पाच-पाच दाणे लावले आणि माझ्याकडे न बघता पुटपुटले. मी टेप गुंडाळत उभा राहिलो. अर्धा मिनिटही झालं नसेल, उजवीकडचे दोन दाणे पडले.

"बगा," आबा म्हणाले. "तुमाला त्यो गर्दीत धरत न्हाई."

माझी इतकी नेमकी मोजदाद आजवर कोणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी देव हलवला. आबांनी पहारीने दगड मोकळा केला, गोणपाटावर घेतला आणि दोन टोकं त्यांनी, दोन मी धरून पावला-पावलाने भिंतीकडे नेला. मधे माझा पाय सरकला आणि दगड टेकताना भिंतीला घासला. शेंदराचा बशीएवढा टवका निघून खाली पडला. मी घाबरलो. आबा म्हणाले, "लागलं न्हाई ना?" ते मला विचारत होते की देवाला, हे मी विचारलं नाही.

टवका उचलला तर त्याच्या कडेला थर दिसत होते. काठाच्या छेदात दिसतात तसेच. एक वर्ष, एक थर, दोन थरांमध्ये धुळीची बारीक काळी रेघ. शेंदूर वर्षातून एकदाच लागतो, त्यामुळे मोजणं सोपं होतं. मी चष्मा लावून मोजले. चौदा.

"आबा, हा देव तुमच्या घरात किती पिढ्या आहे?"

"सात."

मी टवका त्यांच्यासमोर धरला आणि थर दाखवले. त्यांनी नीट बघितले. मग गोणपाटाची घडी घालत सांगितलं, "तुमी यायच्या आदी मोठा पूर आलता. रस्त्यापोतुर पानी. उतारल्यावर आलो तर देव न्हाई. तीन दिस गाळ उपसला. चौथ्या दिशी खाली बाभळीपाशी गावला. शेंदूर समदा निघून ग्येल्याला, पन गोल तसाच, येवढाच. उचलून आनला." गोणपाट काखेला मारून म्हणाले, "कुनी इचारलं न्हाई, म्या सांगितलं न्हाई."

"तोच होता?"

"आपन होऊन माझ्या पुढ्यात आला की. दुसरा कशाला येईल?"

मी नळीने पाणी आणलं, दगडाचं बूड धुतलं, आबांनी खड्डा सारखा केला आणि आम्ही देव बसवला.

रविवारी भावकी आली. सगळ्यांना पहिल्या नजरेतच दिसलं. पोरंसुद्धा म्हणाली, देव भिंतीला चिकटला. धाकटा भाऊ पाण्याच्या कडेपर्यंत चालत गेला आणि परत आला. मी उभा राहिलो. गेल्या वर्षीचं माझं सांगणं चूक होतं, काठ थांबलेला नाही, मी चुकीच्या ठिकाणाहून मोजत होतो, आणि त्या भेगेपलीकडे आज कोणी जाऊ नये, एवढं चार वाक्यांत सांगितलं. भाषण केलं नाही. त्यामुळे असेल, या वेळी सगळ्यांनी ऐकलं.

"म्हणजे देव हलवला कोणी?" धाकट्याने विचारलं.

"म्या," आबा म्हणाले. "कौल घिऊन. तीन साल झाली, दर साली थोडा थोडा."

बोलणं बंद असलेल्या दोन घरांनीही एकमेकांकडे बघितलं.

"दादा, रिवाज काय हाय आपला? देव हलला की मान हलतो."

"ज्येच्या जमिनीत देव त्येचा मान, असा हाय. देव माज्याच जमिनीत हाय. जमीन बारकी झाली, त्येला मी काय करू?"

धाकट्याने तोंड उघडलं, पण तीच चुलती, जिने मागे मटण निवताना सभा मोडली होती, पदर खोचून उभी राहिली. "आरं, नदीच्या तोंडातनं देव काढला त्यानं, तू काय काढलंस? स्टार्टर बसवलास त्या कोनाड्यात. बसा समदी. भाकरी वातड व्हत्यात."

बसले. भिंतीच्या कडेने, एका लांब ओळीत, आमच्या सोसायटीच्या नव्या प्लास्टरला पाठ टेकून. आबांनी शेंदराचा हात दिला आणि वाढायला घेतलं. धाकटा शेवटी बसला, पण बसला.

त्या आठवड्यात नदीला पाणी आलं, दोन दिवस राहिलं आणि उतरलं. चौथ्या दिवशी, चांगलं ऊन पडलेलं असताना, दुपारी पोतं टाकल्यासारखा आवाज झाला. मी गॅलरीत गेलो. भेगेच्या पलीकडचा तुकडा गेला होता; जिथे यंदा पंगत बसली असती तिथे आता चहाच्या रंगाचं पाणी फिरत होतं. बायको म्हणाली, "मोजायला जाणार का?" मी गेलो नाही. आबा मात्र काठावर उभे होते, आणि थोड्या वेळाने गाडीतून उतरून धाकटाही त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. काय बोलले ते चौथ्या मजल्यावर ऐकू येत नाही. बराच वेळ उभे होते. जाताना धाकट्याने म्हसोबासमोर गुडघे टेकले आणि मग आबांच्या पायाला हात लावला. मान आता कुठे जाणार नव्हता.

पार्किंगची भाषा संपली, पण धाकट्याला देवासाठी काहीतरी करायचंच होतं. त्याने भिंतीवर काळ्या ग्रॅनाइटचा फलक बसवायचं ठरवलं आणि मजकूर घेऊन माझ्याकडे आला. 'सात पिढ्यांचे जागृत स्वयंभू देवस्थान' हे आधीच ठरलेलं होतं. खाली मूर्तीबद्दल एक शास्त्रीय ओळ हवी होती. मी म्हटलं, दगडाबद्दल काही लिहू नका, जागा फार जाते. तो म्हणाला, "नाही सर, आजकालच्या पिढीला सायन्स लागतं." मग त्याने स्वतःच मोबाइलवर शोधून लिहिलं: 'कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या लाव्हारसातून प्रकटलेला अतिप्राचीन पाषाण.' सोनेरी अक्षरांत कोरून झालं. अनावरणाला नारळ फुटला, आबांच्या हातून.

बूड धुताना मी तो पाषाण नीट बघितला आहे. तो काँक्रीटचा आहे. खालच्या बाजूला आठ मिलीमीटरच्या सळईचं गंजलेलं टोक दिसतं.